कुळागरात वीरगळ सापडला तर

कुदळ बाजूला ठेवा. मोबाइल मात्र खिशातच राहू द्या. कुळागरात, म्हणजे आपल्या गोव्यातल्या पोफळीच्या बागेत, पाट वळवताना मातीतून एखादा दगडी घोडेस्वार डोकावला की हात आपोआप फोटोकडे जातो. तो आवरा. फोटो वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, ग्रुपवर पडला की संध्याकाळपर्यंत तुमच्या पोफळींखाली चाळीस माणसं, दोन पंच आणि एक भटजी जमतील. त्या दगडाचं काय करायचं ते त्यांतल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असेल. ठाऊक नसलेले तेवढे तुम्हीच.

आधी दगडावर दोन तांबे पाणी ओता आणि नीट बघा. खालच्या चौकटीत लढाई चाललीय, मधल्या चौकटीत अप्सरा मेलेल्याला उचलून नेताहेत, त्याच्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय आणि माथ्यावर सूर्य-चंद्र आहेत. हा वीरगळ. कोणीतरी गावासाठी, गुरांसाठी नाहीतर राजासाठी मेला, आणि सूर्य-चंद्र असेपर्यंत त्याची आठवण राहावी म्हणून त्याच्या माणसांनी हा दगड उभा केला. गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांच्या काळातल्या काही वीरगळांवर तर गलबतं आणि वल्हेकरीही आहेत. तुमच्या दगडावर गलबत निघालं तर आनंद मनातल्या मनातच साजरा करा. गलबत असलेला दगड पणजीला जातो. नसलेला तुमच्याकडेच राहतो.

आता हा कोणाचा, ते ठरवा. गोव्यात केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे २१ स्मारकं आहेत आणि राज्याच्या यादीत पन्नासेक. तांबडी सुर्लचा महादेव दिल्लीचा, नार्व्याचा सप्तकोटेश्वर पणजीचा. चांदोरला १९२९ साली इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी उत्खनन केलं. तिथला नंदी बिनडोक्याचाच बसलाय, त्यामुळे आपण नेमके कोणाचे असा प्रश्न त्याला पडत नाही. तुम्हाला डोकं आहे, तेव्हा तुम्हाला पडणार. ढोबळ नियम लक्षात ठेवा. वस्तू जमिनीवर उभी असेल तर ती पुरातत्त्वाची, काचेच्या पेटीत गेली की संग्रहालयाची, तिच्याविषयी जुना पोर्तुगीज किंवा मोडी कागद निघाला तर तो पुराभिलेखाचा. देवळाच्या आवारात असेल तर महाजनांची, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांची, जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकीच्या संस्थेची, असेल तर कोमुनिदादची, आणि तिच्यावरून रस्ता जाणार असेल तर साबांखाची, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याची. पुराभिलेखाचा आपल्याकडे फार मोठा मान. त्याची सुरुवात १५९५ साली झाली. दिओगु द कोटु हा त्याचा पहिला रखवालदार. चारशेहून अधिक वर्षं कागद सांभाळायची सवय असलेल्या राज्याने दगडालाही कागदासारखंच वागवलं तर त्यात नवल ते काय?

कायदेही वाचून ठेवा, झोप छान लागते. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, की दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा हाती लागला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवा. अट १८७८ मधल्या दहा रुपयांची आहे. आज तेवढ्यात पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, जेमतेम दोन पाव येतात, म्हणजे कोणता ठेवा कळवायचा हा प्रश्न महागाईने आपोआप सोडवला आहे. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७८ मध्ये, आपल्या विधानसभेने प्राचीन स्मारकांचा कायदा केला. त्यानुसार एखादं ठिकाण राज्य संरक्षित व्हायचं तर आधी प्राथमिक अधिसूचना निघते, मग हरकती मागवल्या जातात, मग अंतिम अधिसूचना, मग निळा फलक. फलक लागला की स्मारक वाचलं असं धरून चालायचं. दोन पावसाळ्यांत त्या फलकालाच गंज चढतो आणि तोही बघण्यासारखा होतो, ही वरकमाई.

शोध कोणी लावला यावर वाद घालत बसू नका. सरकारी माणूस तिथे पोचला की शोध लागतो. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या कातळावर बैल, हरणं, मोर, भूलभुलैयासारखी वेटोळी अशी शंभरावर चित्रं कोरलेली आहेत. ती १९९३ साली ‘उजेडात आली’. तोवर गावातले लोक काय अंधारात चालत होते? ती चित्रं गुराख्यांनी कोरलीत, असं ते सांगत असत. तज्ज्ञांनी काळनिर्णयाची बरीच खटपट केली. मला विचाराल तर गावकऱ्यांचं बरोबर होतं. गुराखीच ते. कोणत्या काळातले, एवढाच काय तो वाद आहे.

तुमच्या वीरगळाऐवजी तुम्हाला एखादा किल्लाच सापडला असता तर काम सोपं झालं असतं. गोव्यात किल्ला टिकवायचा अनुभवसिद्ध उपाय म्हणजे त्यात कैदी ठेवणे. काब द रामच्या किल्ल्यात १९५५ पर्यंत तुरुंग होता. रेईश मागूशमध्ये १९९३ पर्यंत. आग्वादचा तुरुंग २०१५ पर्यंत चालला आणि २०२१ च्या १९ डिसेंबरला त्याचं संग्रहालय म्हणून थाटात उद्‌घाटन झालं. कैदी असले की छप्पर शाकारावं लागतं, दाराला कुलूप लागतं, राखणीला पगारी शिपाई असतो, आणि रात्री भिंतीवर नाव कोरायला येणारी प्रेमिकांची जोडी बाहेरच अडते. कैदी बाहेर पडले की वारसा आत येतो. रेईश मागूशला तर पुढे वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि परदेशातला एक न्यास मदतीला आले आणि किल्ला खरोखर देखणा झाला. खोटं कशाला बोलू, तिथे गेल्यावर माझी टीका करायची हौस अर्ध्या तासापुरती गेली होती. तेरेखोलने मात्र वेगळी वाट धरली. तिथे हॉटेल झालं. कैद्यांपेक्षा पाहुणे बरे, ते पैसे देऊन कोंडून घेतात.

पण वीरगळात कैदी मावत नाही.

तेव्हा पुढचा उपाय: तुमचा दगड जितका जुन्या काळी फुटलेला दाखवता येईल तितका दाखवा. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूद केली, आणि मग कोणती देवळं, कुठे, किती, हे शोधायला तज्ज्ञांची समिती नेमली. सोळाव्या शतकात पडलेल्या भिंतीला अशी तरतूद असते. येत्या पावसात पडणार असलेल्या भिंतीला पाहणी असते. माझ्या मनात देवळांविषयी काडीचाही अनादर नाही. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ छत्रपतींनी १६६८ साली पुन्हा उभं करवलं, २०२३ मध्ये राज्याने त्याची डागडुजी करून लोकार्पण केलं, त्याचा आनंदच आहे. सांगायचंय इतकंच, की तुमच्या वीराला पडायचं होतं तर त्याने मुहूर्त बघून पडायला हवं होतं.

जवळपास घर बांधायचा विचार असेल तर मात्र सावध. केंद्राच्या स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्याच्या पुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते; २०१० च्या दुरुस्तीने हे पक्कं झालं. घाबरू नका. कायद्यात ‘दुरुस्ती’ हा फार मायाळू शब्द आहे. जुन्या गोव्यात २०२१ साली ‘दुरुस्ती’च्या नावाखाली उभ्या राहणाऱ्या एका बंगल्यावरून लोक रस्त्यावर उतरले, उपोषणाला बसले, तेव्हा सगळ्या गोव्याला या शब्दाची ताकद समजली. चार खांब आणि दोन कौलं शिल्लक असली तरी माणूस दुरुस्ती करू शकतो. तुमच्या वीरगळाजवळ एखादा पडका गोठा आहे का, बघून ठेवा.

आता जरा घरचं सांगतो. आमच्या आजोळी परसातल्या बावीजवळ एक दगड होता. तीन पिढ्यांनी त्याच्यावर धुणं आपटलं. एकदा चवथीला, म्हणजे गणपतीत, मी बादली घेऊन वाकलो आणि साबणाच्या फेसाखाली मला एक हात दिसला, हातात तलवार. आजीला दाखवलं तर ती म्हणाली, “असंल. पण दगड चांगला आहे हो, कपडे फाटत नाहीत.” माझ्या माहितीतली वीरगळाची सर्वात प्रामाणिक समीक्षा हीच. बावीवर पंप बसला तेव्हा मामाने तो दगड उचलून फणसाखाली ठेवला. त्या गावचं देऊळही तेव्हाच नवं झालं. जुने चिरे भरावात गेले, जमिनीला चकचकीत ग्रॅनाइट आलं आणि कोपऱ्यातल्या दोन भग्न मूर्ती शास्त्राप्रमाणे नदीत सोडल्या. शास्त्रात नदी लिहिलेली आहे, संग्रहालय लिहिलेलं नाही. समितीवर रागावण्यात अर्थ नाही. त्यांनी पावती फाडून वर्गणी गोळा केली होती आणि कोणत्याही खात्याच्या माणसाने त्यांना ‘थांबा’ म्हटलं नव्हतं.

फणसाखालचा दगड मात्र वाचला, आणि तो कसा वाचला ते तुमच्या कामाचं आहे. मामीला एकदा रात्री तिथे कोणीतरी उभं दिसलं. घोंगडी, हातात काठी, पायांत वहाणा. झालं. राखणदार, म्हणजे गाव राखणारा अदृश्य देव! दुसऱ्या दिवशी पणती लागली, पुढच्या आमावास्येला रोट आणि विडी ठेवली गेली. तेव्हापासून तो दगड हलवायची सोडाच, त्याच्याकडे पाय करून बसायची कोणाची प्राज्ञा नाही. निळ्या फलकावर शिक्षेचं कलम लिहिलेलं असतं, ते मी कोणाला वाचताना पाहिलं नाही. राखणदाराचं कलम कुठेच लिहिलेलं नाही आणि वाड्यावरच्या पोरांना ते पाठ आहे.

म्हणून पहिल्या चोवीस तासांत थोडं तेल आणि एक पणती, एवढा खर्च करा. शेंदूर नको. शेंदूर चढला की तीन वर्षांत अक्षरं बुजतात, पाच वर्षांत पत्र्याची शेड येते, सातव्या वर्षी टाइल्स, आणि मग कोणी शिलालेखाचा ठसा घ्यायला आला तर त्याला ठसा टाइल्सच्या कंपनीचा मिळतो.

एवढं झाल्यावर फोन लावा. लावायचाच, नागरिक म्हणून कर्तव्य आहे. साडेदहाच्या आधी लावू नका आणि एकनंतरही नको. “सायब भायर गेल्यात” असं उत्तर आलं तर सोमवारी लावा. सर्व्हे नंबर हाताशी ठेवा. दगडाचं वय नंतर विचारतील, आधी सर्व्हे नंबर. लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका. कधीतरी, बहुतेक चवथ झाल्यावर, एक सज्जन माणूस टेप आणि कॅमेरा घेऊन येईल. खरंच सज्जन असतो तो. पुष्कळदा आपल्यापेक्षा त्याला त्या दगडाची जास्त कळकळ असते, पण त्याच्या वाट्याला असे कितीतरी दगड असतात आणि गाडी एकच. तो उंची-रुंदी मोजेल, चार बाजूंनी फोटो घेईल, चहा घेईल, दगडावरून हलकेच हात फिरवेल. जाताना म्हणेल, “छान आहे. सांभाळून ठेवा.”

हो म्हणा. आणि तो येईल त्या दिवशी घरातल्यांना सांगून ठेवा, कपडे दुसऱ्या दगडावर धुवा.