मामी, होम घालायची गरज नाही

रात्री साडेदहाला मामीचा फोन. "अरे, आपल्या पोरीचं लग्न कोर्टाने बाद केलं म्हणतात. गुपचूप भटजी बोलावून सात पावलं घालून घ्यायची का?" पोरीचं लग्न फेब्रुवारीत महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक पद्धतीने लागलं, म्हणजे भटजी, होम, सप्तपदी काही नाही. फुल्यांची मंगलाष्टकं, अक्षतांऐवजी फुलं. आणि आता भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: सप्तपदी नाही तर लग्न नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल, सत्यशोधक, बौद्ध, रजिस्टर सगळी लग्नं रद्द, बायकोला पोटगीही नाही.

निकाल खरा आहे, १९ एप्रिल २०२४चा. पण वाचलाय कोणी? दोन वैमानिक. लग्नाची तारीख लांबची, त्याआधीच एका संस्थेकडून वैदिक विवाह झाल्याचं सर्टिफिकेट आणलं आणि त्यावर उत्तर प्रदेशात नोंदणी केली. पुढे बिनसलं. विधी झालाच नव्हता, हे दोघांनीच कोर्टाला सांगितलं. कोर्ट म्हणालं, मग हे लग्नच नव्हे. यात सत्यशोधक कुठून आले?

हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७ काढून बघा. वधू किंवा वर, कोणाही एकाकडच्या रूढीने लग्न लावता येतं. त्या रूढीत सप्तपदी असेल, तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. हे 'असेल तर' मेसेजवाल्याने गिळलं. बौद्धांचं तर हसावं की रडावं! हा कायदा बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू आहे. म्हणून सगळ्यांनी होमाभोवती फिरायचं? विधी नकोच असणाऱ्यांसाठी १९५४चा विशेष विवाह कायदा आहेच.

पोटगीचं वाचून मात्र डोकं फिरलं. अशा मेसेजवर विसंबून एखादी बाई दावाच लावणार नाही. पोटगीसाठी लग्नाचा काटेकोर पुरावा लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९९ सालीच सांगून ठेवलंय.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य: रूढी सांगणाऱ्याला ती सिद्ध करावी लागते. १९६५च्या भाऊराव लोखंडे खटल्यात, पाच-सात वर्षं विधी गाळले म्हणून रूढी बनत नाही, असं कोर्टाने बजावलं होतं. पण पहिलं सत्यशोधक लग्न १८७३चं. पाच-सात नव्हे, दीडशे वर्षं झाली.

मामीला म्हटलं, लग्नाचा व्हिडिओ तेवढा जपून ठेव.

"तो मामाच्या जुन्या फोनात होता रे. परवाच एक्स्चेंजमध्ये दिला."