तीन सामने जिंकले म्हणून?

एफसी गोवाचा प्रशिक्षक हंगामाच्या मधेच गेला की मडगावपासून डिचोलीपर्यंत दोन तट पडायला एक रात्र पुरते. एक तट म्हणतो, 'आमचो भुरगो आसा न्हय, ताकाच करात कोच' (आपला मुलगा आहे ना, त्यालाच करा कोच). दुसरा म्हणतो, त्याला चार सामने ढकलू द्या, पण तोवर स्पेनचा माणूस पक्का करून ठेवा. इंग्लंडात बसून हे सगळं ऐकताना गंमत वाटते, कारण इथल्या पबमधला वादही हाच. फक्त 'आमचो भुरगो'च्या जागी क्लबचा एखादा जुना खेळाडू असतो. दोन्हीकडे चूकही एकच. तीन सामने जिंकला, देऊन टाका कायमचं पद. तीन हरला, पाठवा घरी. माझं म्हणणं असं की हंगामी, म्हणजे तात्पुरत्या नेमलेल्या, प्रशिक्षकाबद्दल सगळ्यात कमी सांगणारी गोष्ट म्हणजे त्याने मिळवलेले गुण.

२०२०चा दाखला सगळ्यांच्या तोंडी असतो, म्हणून आधी तोच घेऊ. जानेवारीच्या अखेरीस गोवाने आपले स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना काढलं तेव्हा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीचे तीनच सामने उरले होते. गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा हंगामी प्रशिक्षक झाले, पाठीशी क्लबचे तांत्रिक संचालक डेरिक परेरा. हैदराबादवर ४-१, मुंबई सिटीवर ५-२, जमशेदपूरवर ५-०. तीन सामन्यांत १४ गोल, एकूण ३९ गुण, साखळीत पहिलं आल्याची लीग विनर्स शील्ड, आणि आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचणारा पहिला भारतीय क्लब. यात क्लिफर्डचं श्रेय किती? बरंच आहे, पण लोक समजतात ते नव्हे. कोरो, बुमूस, जाहू, एदू बेडिया, ब्रँडन या खेळाडूंची घडी लोबेरांनी अडीच वर्षांत बसवली होती. नव्या माणसाला आपला ठसा उमटवायची खाज असते. ती आवरून क्लिफर्डनी घडी विस्कटू दिली नाही, आणि ते सोपं नसतं. पुढे उपांत्य फेरीत चेन्नईत १-४ असा मार बसला, घरच्या फातोर्डा मैदानावर ४-२ जिंकूनही एकूण ५-६. मग शील्ड दाखवून 'यालाच ठेवा' म्हणणारे आणि त्या एका गोलावरून 'अनुभव कमी पडला' म्हणणारे जुंपले. दोघांच्याही हातात पाचच सामने होते.

आता दुसरी बाजू बघा. डिसेंबर २०२१मध्ये गोवाचे तेव्हाचे प्रशिक्षक हुआन फेरांडो मोहन बागानला निघून गेले आणि डेरिक परेरांच्या हाती आला तो आधीच अडखळलेला संघ. कोविडच्या बायो-बबलमध्ये कोंडलेला, घरच्याच मैदानांवर पण रिकाम्या स्टँडसमोर खेळणारा. गोवा नववा आला. क्लिफर्ड यशस्वी आणि डेरिक अपयशी असा हिशेब तेव्हापासून जो चालू आहे तो मला कधीच पटला नाही. एकाला धावती गाडी मिळाली, दुसऱ्याला घाटात बंद पडलेली.

हंगामी प्रशिक्षकाला पहिल्या दहा दिवसांत करता काय येतं, हे पाहिलं की तुलनेतला फोलपणा कळतो. पहिलं काम मैदानावर नसतं, फिजिओच्या खोलीत असतं. कोण दुखणं लपवून खेळतोय, कोणाच्या मांडीमागचा स्नायू आखडलाय, जीपीएसच्या आकड्यांत कोणाचं वेगाने धावणं महिनाभरात उतरलंय, ही यादी हातात येईपर्यंत अकरा जणांची नावं लिहूच नयेत. मग आधीच्या प्रशिक्षकाने बाकावर बसवलेले दोन-तीन अनुभवी खेळाडू परत येतात. हा सगळ्यात स्वस्त उपाय: ते चिडलेले असतात, ताजे असतात, आणि ड्रेसिंग रूममध्ये त्यांचा शब्द चालतो. बचावफळी पाच-दहा मीटर मागे ओढली की पाठीमागची मोकळी जागा कमी होते आणि संथ सेंटर बॅक अचानक शहाणा दिसायला लागतो.

सेट पीसला (कॉर्नर, फ्री किक) सामन्याच्या आदल्या दिवशी वीस मिनिटं द्यावीत आणि कॉर्नरला कोण कोणाला धरणार याची नावं फळ्यावर लिहावीत. एवढंच. पद्धत मुळातून बदलायला जाऊ नये. झोनल मार्किंगची, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायची, सवय असलेल्या संघाला आठवड्याभरात माणसामागे माणूस लावला, की पहिल्याच कॉर्नरला दोघे एकाच्याच मागे धावतात आणि दूरच्या खांबापाशी तिसरा मोकळा उभा असतो. वरपासून प्रेसिंगचंही, म्हणजे समोरच्यांच्या अर्ध्यात घुसून चेंडूसाठी दबाव टाकण्याचंही, तसंच. अकरा जणांनी एकाच इशाऱ्यावर निघायची सवय अंगवळणी पडायला महिना-दीड महिना लागतो. ती नसताना फातोर्ड्याच्या ऑक्टोबरातल्या दमट हवेत हा प्रयोग केला तर साठाव्या मिनिटाला कोणी तरी अर्धा सेकंद उशिरा निघतो, आणि मधल्या फळीमागे खिंडार पडतं.

तेव्हा हाती उरतात ते स्वस्त उपाय. त्यांचा गुण लगेच दिसतो आणि चार-पाच सामने टिकतो. तोवर समोरच्या संघाच्या विश्लेषकाकडे पुरेसं चित्रण जमतं, परत आणलेल्या तिशीपारच्या खेळाडूला चार दिवसांत दुसरा सामना झेपत नाही, आणि नव्याने बाकावर गेलेले आता चिडायला लागतात. शिवाय प्रशिक्षक बहुधा काढला जातो तो संघ तळाला गेल्यावर, आणि तळातून थोडंफार वर येणं कोणामुळेही होतं. नेदरलँड्सच्या लीगवर बास टेर वील या अर्थशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं: तशाच पडझडीतून जाऊनही ज्या क्लबांनी प्रशिक्षक ठेवला, तेही साधारण तितकेच सावरले. आपण श्रेय मात्र नव्या माणसाच्या गळ्यात घालतो.

इंग्लंडात हा धडा अनेकदा गिरवूनही शिकलेला नाही. ओले गुन्नार सोल्शारना मँचेस्टर युनायटेडने डिसेंबर २०१८मध्ये हंगाम संपेपर्यंतच आणलं होतं. १९ पैकी १४ सामने जिंकल्यावर क्लबला धीर निघेना. २८ मार्चला कायमचं पद दिलं. त्यानंतर त्या हंगामातल्या दहा सामन्यांत विजय दोन. एव्हर्टनकडून ०-४, आणि शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर खालच्या श्रेणीत गेलेल्या कार्डिफकडून ०-२. दोन महिने थांबले असते तर काय बिघडलं असतं? हंगाम तर मेमध्ये संपणारच होता.

२०२४मध्ये त्याच क्लबात रूड व्हान निस्टलरॉयनी चार हंगामी सामन्यांत तीन जिंकले, एक बरोबरीत सोडवला. त्यातले दोन विजय लेस्टरवर, ५-२ आणि ३-० असे. महिना संपायच्या आत त्यांना नेमलं कोणी, तर लेस्टरने! आपल्याला दोनदा हरवणारा माणूस चांगलाच असणार, असा काहीसा विचार असावा. लेस्टर त्याच हंगामात खालच्या श्रेणीत गेलं.

याउलट बोर्नमथ. २००८च्या शेवटच्या दिवशी ३१ वर्षांच्या एडी हाऊंच्या हाती संघ दिला तेव्हा क्लब चौथ्या श्रेणीच्या तळाशी होता, आणि १७ गुण दंड म्हणून कापलेले. हाऊंनी हंगामी म्हणून दोन सामने खेळवले आणि दोन्ही हरले. तरीही क्लबने त्यांनाच कायम केलं, आणि संघ तगला. गुणांवर गेले असते तर त्यांना दोन आठवड्यांत निरोपाचा नारळ मिळाला असता.

'आमचो भुरगो' म्हणणाऱ्या तटाच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती दुखरी आहे. गोव्याच्या प्रशिक्षकाला वरचं दार उघडतं ते घराला आग लागल्यावरच. आर्मांदो कुलासोंनी गोव्याच्याच धेंपो क्लबला राष्ट्रीय विजेतेपदं पाच मिळवून दिली. भारताचा संघ त्यांना मिळाला तो २०११मध्ये, तोही हंगामी. विश्वचषक पात्रतेत यूएईविरुद्ध पहिल्या २५ मिनिटांच्या आत गोलरक्षकासह दोघांना लाल कार्ड, आणि नोंद राहिली फक्त ०-३. क्लिफर्डचंच पुढे बघा. एप्रिल २०२३मध्ये ओडिशाचे हंगामी प्रशिक्षक म्हणून त्यांनी बेंगळुरूला हरवून सुपर कप जिंकला, क्लबचा पहिलाच करंडक. पुढच्या हंगामासाठी ओडिशाने आणलं कोणाला? लोबेरांना. क्लिफर्ड मोहन बागानमध्ये फेरांडोंचे सहायक झाले, आणि फेरांडो गेल्यावर जानेवारी २०२४च्या सुपर कपमध्ये पुन्हा हंगामी.

पण यावर 'म्हणून लगेच कायम करा' हे उत्तर नाही. खालिद जमील यांनी २०२०-२१मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला हंगामाच्या मध्यातून उचलून उपांत्य फेरीत नेलं. कायम झाल्यावर पुढच्याच हंगामात संघ दहावा. तेच खालिद आज राष्ट्रीय प्रशिक्षक आहेत, म्हणजे माणसात खोट नव्हती. इंग्लंडात वरच्या चार श्रेणींत ९२ क्लब आहेत, दुसऱ्या श्रेणीत एका हंगामात ४६ सामने. हाऊंसारख्याला चुकायला, हरायला आणि परत उभं राहायला तिथे जागा मिळते. क्लिफर्ड गोवाचे हंगामी प्रशिक्षक झाले त्या २०१९-२०च्या आयएसएलमध्ये प्रत्येकाचे साखळी सामने होते १८. तीन सामने म्हणजे सहावा हिस्सा. त्यात कोणाला जोखणार?

चाहत्यांना इथे इंग्लंडातही प्रशिक्षक निवडायला कोणी बोलवत नाही. २०२५च्या फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्टने तिकिटांचे दर, बोधचिन्ह, जर्सीचे रंग अशा गोष्टींवर चाहत्यांशी चर्चा क्लबांना बंधनकारक केली. नेमणूक त्यात नाही, आणि नसावीच. पण फातोर्ड्यात ओरडायचंच असेल तर नावासाठी न ओरडता कागदासाठी ओरडावं. नेमणुकीची शेवटची तारीख काय? जानेवारीतल्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीत खेळाडू घ्यायचा अधिकार हंगामी माणसाला आहे की नाही? जुन्या प्रशिक्षकाबरोबर त्याचा फिटनेस कोच आणि विश्लेषकही गेले असतील तर त्यांच्या जागी कोण? प्रशिक्षकाचा वरच्या दर्जाचा परवाना, प्रो डिप्लोमा, नसेल तर त्यासाठी क्लब पैसे आणि रजा देणार का?

यातली सगळ्यात महत्त्वाची अट परतीची. हंगामी काम संपल्यावर सहायकाची जुनी जागा शाबूत राहील, नवा प्रशिक्षक आपली माणसं घेऊन आला तरी, हे आधी लिहून हवं. व्हान निस्टलरॉयनाही युनायटेडमध्ये ती जागा उरली नाही. नवे मॅनेजर आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. परतीची हमी नसली की सहायक जपून खेळवतो, तरुणांना बाकावरच ठेवतो, बरोबरीसाठी शेवटची वीस मिनिटं घालवतो. त्याची नोकरी त्या तीन सामन्यांवर टांगलेली असते. पुढची नेमणूक मात्र हंगाम संपल्यावर, इतर उमेदवारांबरोबर त्याचीही रीतसर मुलाखत घेऊन व्हावी.

तोवर तीन विजयांवर नाचणाऱ्यांनी वेळापत्रक तरी उघडून बघावं. समोर कोण होतं, त्यांचे किती जण जायबंदी होते, पेनल्टी किती मिळाल्या, आणि आपल्या पेनल्टी क्षेत्रातून त्यांना किती शॉट मारू दिले. शेवटचा आकडा घटत असेल, तर सामने हरलेल्या हंगामी प्रशिक्षकालाही मुलाखतीला बोलवावं.