ऐंशीचं दशक गाडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

हिंदी सिनेसंगीताचा सर्वांत टाकाऊ काळ कोणता, या वादात उतरायचं ठरवलं असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. आरोपी कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं: ऐंशीचं दशक. तुम्हाला फक्त पुरावा गोळा करायचा आहे, तोही निवडून.

पहिलं काम हद्द आखण्याचं. १९८० ते १९८९ अशी सरळ दहा वर्षं धरलीत की गेलात. १९८१ मध्ये खय्याम यांचा ‘उमराव जान’ ठाण मांडून बसला आहे, आणि त्याच वर्षीच्या ‘एक दूजे के लिए’साठी बालसुब्रह्मण्यम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. दोन्हींना ‘ते खरं सत्तरचंच वारं’ म्हणून बाजूला सारा आणि सुरुवात १९८२ वर आणा. तिथे ‘बाजार’ आडवा येतो. १९८३ मध्ये ‘मासूम’ आणि ‘सदमा’, १९८४ मध्ये ‘उत्सव’. छाटत राहा. शेपटाकडूनही तेच: १९८८ चा ‘कयामत से कयामत तक’ आणि १९८९ चा ‘मैंने प्यार किया’ म्हणजे ‘नव्वदची चाहूल’. हाती १९८५ ते १९८७ उरतात. दशक म्हणून तेवढी वर्षं पुरेत.

सुवर्णकाळ मात्र सैल ठेवायचा. १९४९ च्या ‘महल’पासून धरा आणि गरज पडेल तिथवर ताणा. कुणी १९७२ च्या ‘पाकीजा’चं नाव काढलं तर तोही आपलाच.

मग नमुना. १९५५ म्हटलं की ‘श्री ४२०’, ‘आझाद’, ‘देवदास’, ‘सीमा’. त्या वर्षी हिंदी सिनेमे शंभराच्या वर निघाले, एकेकात सात-आठ गाणी. म्हणजे आठशेच्या आसपास गाणी झाली. त्यातली तुमच्या तोंडी असलेली वीस-पंचवीस. उरलेल्यांबद्दल चकार शब्द काढू नका आणि कुणाला ती ऐकवूही देऊ नका, कारण त्यांतली बरीचशी ऐकवत नाहीत. ऐंशीच्या बाबतीत नियम उलटा: तिथे अख्खं पीक मोजायचं. आपल्या पंगतीचं श्रीखंड आणि समोरच्याच्या मोरीतलं खरकटं, तुलना या दोनांतच झाली पाहिजे.

आता खलनायक. बप्पी लाहिरी तयार आहेत, सोन्याच्या साखळ्यांसकट. १९८६ या एका वर्षात ३३ चित्रपटांसाठी १८० हून जास्त गाणी केल्याची त्यांची गिनीज बुकात नोंद असल्याचं सांगतात. हा आकडा दबक्या आवाजात, हळहळून सांगावा. इथे एक खड्डा आहे. १९८५ च्या ‘ऐतबार’मधली भूपिंदर-आशाची ती गझल याच बप्पींची, आणि साल नेमकं तुमच्या हद्दीत येतं. शिवाय त्याच वर्षी राहुलदेव बर्मनचा ‘सागर’. तेव्हा हद्द १९८६ पासून करा. १९८७ चा ‘इजाजत’ निघाला तर ‘तो समांतर सिनेमा, धरायचा नाही’ असं म्हणा. आशाबाई आणि गुलजार दोघांनाही त्यातल्या एकाच गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे समोरच्याला माहीत नसेल अशी आशा बाळगा.

एक पुरावा तर आयताच आहे. १९८७ आणि १९८८ साली फिल्मफेअर पुरस्कार दिलेच गेले नाहीत. एवढंच वाक्य म्हणा आणि थांबा. का दिले नाहीत याच्या खोलात शिरू नका. ‘देण्यासारखं होतं काय?’ हे ऐकणारा स्वतःच मनात पूर्ण करतो.

चोरीचा मुद्दा निघणारच. १९८७ च्या ‘डान्स डान्स’मधल्या झुबी झुबीची चाल मॉडर्न टॉकिंग या जर्मन जोडीकडून उचलली, ही चोरी. सलील चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’त मोत्झार्टची चाळिसावी सिंफनी घेतली, ती प्रेरणा. १९५० च्या ‘समाधी’मधल्या ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’मागे एक लॅटिन ठेक्याचं अमेरिकन गाणं आहे, पण ते सी. रामचंद्रांनी केलं, म्हणजे आपल्या माणसाने केलं, तेव्हा तो व्यासंग. फरक कसा ओळखायचा असं कुणी विचारलं तर सांगा: उचलेगिरीनंतर तीस वर्षं उलटली की ती अभिजात होते. मग तुमचे ऐंशीवाले केव्हाच सुटले की, हे समोरच्याच्या लक्षात यायच्या आत शब्दांकडे वळा.

शब्दांवर फार वेळ रेंगाळू नका. ‘एक दो तीन’ला ‘ही काय कविता? ही तर उजळणी’ असं हिणवणं सोपं आहे, पण पलीकडे १९५७ चं ‘ईना मीना डीका’ दबा धरून बसलेलं असतं.

वाद्यांचा मुद्दा त्या मानाने दणकट आहे, दुर्दैवाने बराचसा खराही. यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर १९८३ मध्ये आला, रोलंडचा ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य १९८५ मध्ये. जिथे व्हायोलिनवाल्यांची आख्खी फळी बसायची तिथे एक माणूस दोन हातांनी काम भागवू लागला. ताल आधी भरून ठेवायचा, गायक नंतर केव्हातरी येऊन गाऊन जायचा. सगळे एका खोलीत एकदम वाजवत असताना जी ओढाताण व्हायची, ती गेली. हे सांगताना सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस या गोव्याच्या संयोजकांची नावं घ्या, वजन येतं. फक्त त्यांनी आणलेल्या त्याच पाश्चात्त्य वाद्यमेळाला त्या काळी ‘आपलं संगीत बाटवलं’ म्हणत नाकं मुरडली जात होती, हे सांगू नका.

ऐकण्याची व्यवस्थाही महत्त्वाची. पन्नाशीचं गाणं नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीवरून लावा. ऐंशीचं गाणं मात्र कॅसेटवरून केलेल्या कॅसेटवरूनच. प्रत्येक उतारणीत वरच्या पट्टीतला झळाळ गळतो आणि खरखर वाढते. वाजवणारं यंत्र जरा वेगाने फिरत असेल तर उत्तमच. गायिकेचा आवाज आपोआप चिरका होतो.

खरी कारणं मात्र कुणाला उकरू देऊ नका, वादाची मजा जाते. १९७५ मध्ये मदनमोहन आणि सचिनदेव बर्मन गेले, १९७६ मध्ये मुकेश, १९८० मध्ये रफी आणि साहिर, १९८७ मध्ये किशोरकुमार. व्हिडिओ आला, घरची मंडळी थिएटरात जायची थांबली, उरलेल्या प्रेक्षकांसाठी मारधाडीचे सिनेमे निघाले आणि त्यांत गाण्याला जागा उरली ती मारामारीतून उसंत म्हणून. एवढं सांगितल्यावर राग धरायला माणूसच उरत नाही.

कॅसेटचा विषय तर टाळाच. ती स्वस्त झाली आणि रेकॉर्ड प्लेअर कधीच न परवडलेल्या घरांत पहिल्यांदा स्वतःच्या निवडीचं गाणं शिरलं. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, भीमगीतं, कोळीगीतं, सगळं त्या प्लास्टिकच्या डबीतून गावोगाव गेलं. ‘वाईट काळ? कोणासाठी?’ असं कुणी विचारलं तर उत्तर देण्याऐवजी चहाचं विचारा.

आणि केसकरांचं नाव निघालं तर चहा पुरणार नाही, भजी मागवा. डॉ. बाळकृष्ण केसकर, आपले पुण्याचे, १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री. ज्या सिनेगीतांना तुम्ही सुवर्णकाळ म्हणता, ती त्यांना इतकी हलकी वाटली की त्यांनी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारच केली. श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले, अमीन सयानींच्या बिनाका गीतमालेपाशी. आकाशवाणीला शहाणपण सुचून विविध भारती सुरू व्हायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडला.

इतकं होऊनही हरायची वेळ आली तर हिंदी सोडून भावगीतांत शिरा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर वर्षभर चाललेल्या गीतरामायणाची ५६ गाणी पुढे टाका. ‘तेव्हा आकाशवाणी कोणत्या मंत्र्याच्या हाती होती?’ अशी शंका कुणाला येण्याआधी लगेच नवी हद्द आखायला घ्या. यंदाचा आरोपी मराठी नव्वद. १९९० पासून धरायचं की १९९४ पासून, हे मात्र आधी घरी बसून ठरवा.