डिग्री म्हणजे नुसता कागद? मग जाहिरातीतला अर्हतेचा रकाना वाचा

बारावीचा निकाल लागला की आमच्या ले-आऊटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज हमखास येतो. दरवर्षी शब्द थोडे बदलतात, आशय तोच. डिग्री हा नुसता कागद आहे. गेट्स, झुकरबर्ग, धीरूभाई, सचिन, कोणाकडेच डिग्री नव्हती. अहवालच सांगतात की शिकलेले बेकार आहेत आणि अडाणी कमावतात. मोठमोठ्या कंपन्यांनी डिग्रीची अटच काढून टाकली. यूपीएससी, एमपीएससीला कुठलीही डिग्री चालते. शाखा कोणतीही घ्या, शेवटी सगळे आयटीतच जातात. तेव्हा बापाचे पैसे आणि तीन-चार वर्षं वाया घालवू नका, स्किल शिका. शेवटी जोडलेले हात आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’.

माझं नागपूरच्या नंदनवन भागात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. भरतीची जाहिरात निघाली की पोट्टे-पोट्टी माझ्याकडेच येतात, त्यामुळे या मेसेजचा परिणाम मला समोर बसलेला दिसतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गेट्स, झुकरबर्ग, धीरूभाई, सचिन...’

गेट्स आणि झुकरबर्ग यांनी शिक्षण सोडलं हे खरं. पण सोडलं ते हार्वर्ड. तिथे प्रवेश मिळवून ते सोडणं आणि इकडे बारावीनंतर प्रवेशच न घेणं, या दोन गोष्टी एकाच ओळीत बसतात तरी कशा? गेट्सच्या शाळेत 1968 साली, जगातल्या बहुतेक विद्यापीठांतही विद्यार्थ्याला संगणकाला हात लावायला मिळत नव्हता तेव्हा, संगणकाला जोडलेलं टर्मिनल होतं. त्याचे वडील वकील. झुकरबर्गचे वडील दंतवैद्य, आई मानसोपचारतज्ज्ञ. कंपनी बुडाली असती तर दोघंही पुढच्या सत्रात वर्गात जाऊन बसले असते. मानेवाड्यातल्या ऑटोवाल्याच्या पोराला तशी सोय नसते.

धीरूभाई मॅट्रिकच्या पुढे शिकले नाहीत, हेही खरं. मात्र पैसा आल्यावर त्यांनी मुलांचं काय केलं ते मेसेजात नसतं. मुकेश अंबानी मुंबईच्या यूडीसीटीतून केमिकल इंजिनीअर झाले आणि एमबीएला स्टॅनफर्डला गेले; ते अर्धवट सोडलं ते बापाच्या कारखान्याच्या कामासाठी. अनिल अंबानींनी बी.एस्सी. करून व्हार्टनमधून एमबीए केलं. डिग्री नुसता कागद आहे असं धीरूभाईंना वाटत असतं, तर त्यांनी एवढ्या लांबून तो आणवला नसता.

सचिनबद्दल काय बोलायचं! त्याच्याबरोबर शिवाजी पार्कवर बॅट घेऊन उतरलेल्या आणि पुढे कुठेच न पोहोचलेल्या पोरांवर कोणी मेसेज लिहीत नाही, एवढंच.

‘शिकलेले बेकार, अडाणी कमावतात’

या मुद्द्याला खरोखरच आकड्याचा आधार आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांचा भारतातल्या रोजगारावरचा अहवाल 2024 साली आला. त्यानुसार 2022 मध्ये पदवीधर तरुणांमधला बेरोजगारीचा दर 29.1 टक्के होता आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधला 3.4 टक्के. जवळपास नऊपट. वाचून कोणालाही वाटेल, कशाला शिकायचं बाप्पा!

पण ‘बेरोजगार’ कोणाला म्हणतात ते बघा. ज्याला काम नाही आणि जो काम शोधतो आहे, तो. सकाळी ठिय्यावर उभा राहणारा मजूर बेरोजगार राहूच शकत नाही, कारण संध्याकाळी त्याच्या घरी चूल पेटायची असते. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीला तो घेतो आणि सर्वेक्षणात ‘रोजगार आहे’ या खान्यात जातो. वर्षात जेमतेम महिनाभराचं काम मिळालं तरी तो तिथेच मोजला जाऊ शकतो. पदवीधर मात्र घरच्यांच्या आधारावर दोन-तीन वर्षं थांबतो, अभ्यासिकेत बसतो, परीक्षा देतो आणि आकड्यात बेरोजगार म्हणून येतो. 3.4 टक्के हा आकडा अडाणी माणूस मजेत आहे असं सांगत नाही. त्याला थांबणं परवडत नाही, एवढंच त्यातून कळतं. हाताला लागलेल्या कामाचा पैसा किती आणि ते काम महिन्यातले किती दिवस असतं, हे त्या टक्केवारीत येतच नाही.

तरीही 29 टक्के हा भयंकरच आकडा आहे. ज्यांना तो टोचतो त्यांचं दुखणं खरं आहे. फक्त त्यात सगळ्या पदव्या एका गोणीत भरलेल्या आहेत. नर्सिंगची पदवी घेतलेली मुलगी आणि कोणते विषय घेतले हे स्वतःलाही धड न आठवणारा बी.ए. झालेला मुलगा, दोघंही तिथे ‘पदवीधर’. या आकड्यावरून ‘पदवी घेऊच नका’ असं निघत नाही. निघालंच तर ‘कोणती घेता ते नीट बघा’ असं निघेल.

‘यूपीएससी, एमपीएससीला कुठलीही डिग्री चालते’

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या दुकानात सर्वात जास्त डोळे इथेच पाणावतात.

नागरी सेवा परीक्षेला कुठलीही मान्यताप्राप्त पदवी चालते. राज्यसेवेला, पीएसआयला, तलाठ्यालाही चालते. मुक्त विद्यापीठाची असली तरी हरकत नाही. पण ‘कुठलीही चालते’ म्हणजे ‘नसली तरी चालते’ असं नव्हे. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते; पीएसआयच्या फॉर्ममध्ये पदवीचा रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडत नाही. बारावीच्या जोरावर शिपाई झालेली किती तरी मुलं नोकरी सांभाळून पदवी करतात ती त्यासाठीच.

शिवाय सरकारी नोकरी म्हणजे फक्त कलेक्टर आणि पीएसआय नव्हे. ज्या पदांबद्दल क्लासवाले बॅनर लावत नाहीत, ती बघा. भारतीय वन सेवेची पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबरच होते, पण तिला साधा बी.ए. किंवा बी.कॉम.वाला पात्र नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एखादा विषय पदवीला हवा, नाहीतर कृषी, वानिकी किंवा इंजिनीअरिंगची पदवी हवी. महाराष्ट्राच्या वनखात्याचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये. ताडोबा-पेंचच्या वाऱ्या करून जंगलाच्या प्रेमात पडलेला पोट्टा बी.ए. करून बसतो आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याला हे कळतं.

नागपूर हे खाणींच्या कारभाराचंही शहर. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स, वेस्टर्न कोलफील्ड्स, मँगनीजवाली मॉइल या तिन्हींची मुख्यालयं इथे आहेत, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला. भूवैज्ञानिक व्हायचं तर यूपीएससीची वेगळी परीक्षा असते आणि तिला भूशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलेलंच नसेल तर एम.एस्सी.च्या दारातच अडायला होतं. म्हणजे अठराव्या वर्षी प्रवेशाच्या खिडकीवर ‘कोणता ग्रुप?’ या प्रश्नाला मैत्रिणीने सांगितलं ते उत्तर दिलं, आणि घरापासून चार किलोमीटरवरच्या कार्यालयाचं दार बंद झालं. खाणीचा मॅनेजर व्हायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र हवं. मायनिंगचं शिक्षण त्या वाटेवरचा पहिला टप्पा, आणि तो विभाग आपल्या व्हीएनआयटी या इंजिनीअरिंगच्या संस्थेत आहे. यूट्यूबवर खाण चालवायला शिकून कोणी खाणीत उतरू देत नाही. देऊही नये.

आणखी एक उदाहरण, कारण ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. अन्न सुरक्षा अधिकारी. पात्रतेच्या यादीत अन्नतंत्रज्ञान, दुग्धतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेलतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि वैद्यक यांतल्या पदव्या आहेत, नाहीतर रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. साधी रसायनातली बी.एस्सी. पुरत नाही, मायक्रोबायोलॉजीवाली पात्र ठरते. दोघी एकाच कॉलेजच्या, एकाच बसने येणाऱ्या. तेलतंत्रज्ञान म्हटलं की अमरावती रोडवरची एलआयटी आठवते. रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 साली उभी राहिलेली ही संस्था 2023 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. इतकी वर्षं तेलाचं, अन्नाचं, रंगांचं तंत्रज्ञान शिकवणारी जागा शहरात असताना आपल्याकडे ‘कॉम्प्युटर मिळालं का?’ एवढाच प्रश्न विचारतात.

औषध निरीक्षक व्हायला फार्मसीची किंवा ठरावीक विषयातली वैद्यकाची पदवी लागते, पशुधन विकास अधिकारी व्हायला पशुवैद्यकाची पदवी आणि परिषदेकडे नोंदणी. इथे कौशल्याचा प्रश्न नंतर येतो. एमपीएससीच्या साइटवर ‘चेक एलिजिबिलिटी’ दाबलं की यंत्र दोन सेकंदांत सांगतं: अपात्र. त्याला तुमचा यूट्यूब चॅनेल दाखवता येत नाही.

बरं, मोठी डिग्री असली म्हणजे छोटं दार आपोआप उघडतं असंही नाही. बी.एड. ही डी.एड.पेक्षा वरची समजली जाते, पण 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदाला बी.एड. ही पात्रता ठरत नाही, प्राथमिकसाठीची पदविकाच हवी. दोन वर्षं आणि फी घालून बी.एड. केलेल्या कित्येकींना हा फटका बसला. पदवी कोणती याने फरक पडत नाही, हे जरा त्यांना सांगून बघा.

‘मोठ्या कंपन्यांनी डिग्रीची अट काढली’

जाहीर केलं, हे बरोबर. गूगल, आयबीएम आणि बऱ्याच अमेरिकी कंपन्यांनी केलं. प्रत्यक्षात काय झालं, हे हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी 2024 मध्ये तपासलं. अट काढल्याचा फायदा 700 भरत्यांमागे एकालाही धड मिळाला नव्हता. जाहिरातीतून ओळ गेली, निवडणाऱ्यांच्या डोक्यातून गेली नाही. ही गोष्ट अमेरिकेची. आपल्याकडे कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीत 60 टक्के विचारतात. अट काढणं राहिलंच बाजूला.

आपल्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एचसीएल या आयटी कंपनीचा दाखला या मेसेजच्या बाजूने नेहमी दिला जातो, ‘बघा, बारावीवर घेतात!’ घेतात. टेकबी नावाची त्यांची योजना आहे. बारावीला गणित घेतलेल्या मुलांना प्रशिक्षण देऊन कामावर घेतात, आणि चांगली योजना आहे. पण त्याच योजनेत नोकरी करता करता बिट्स पिलानी किंवा ‘शास्त्र’ (SASTRA) नावाच्या विद्यापीठासारख्या ठिकाणाहून पदवी करायची सोयही असते. विप्रो बी.एस्सी., बीसीए झालेल्या मुलांना घेते आणि पुढे एम.टेक. करवते. डिग्री कागद असती तर कंपन्यांनी या भानगडीत पैसा का घातला असता?

‘शाखा कोणतीही घ्या, शेवटी आयटीच’

अर्धं खरं. सिव्हिल, मेकॅनिकलची मुलं आयटीत जातात. मोठ्या कंपन्या कॅम्पसला शाखा फारशी बघत नाहीत. पण हा रस्ता एकतर्फी आहे. सिव्हिलवाला आयटीत जाऊ शकतो, कॉम्प्युटरवाला सार्वजनिक बांधकाम विभागात स्थापत्य अभियंता होऊ शकत नाही. आयटीची भरती मंदावली की एकाकडे मागे वळायला जागा असते, दुसऱ्याकडे नसते. ‘कॉम्प्युटर मिळालं नाही’ म्हणून रडणाऱ्या मुलीच्या आईला मी हेच सांगतो. पटत नाही त्यांना, ती गोष्ट वेगळी.

मेसेजचं खरं कुठे आहे

काही कामांत डिग्री विचारतच नाहीत. फोटोग्राफी, व्हिडिओ एडिटिंग, डिझाइन, विक्री, स्वतःचा धंदा, फ्रीलान्स कोडिंग. इतवारीतल्या व्यापाऱ्याला कोणी मार्कशीट मागत नाही. एमबीएला जायचं तर कॅटला कोणत्याही शाखेची पदवी चालते, 50 टक्के असले की झालं, आणि आयआयएम आता आपल्या नागपुरातच आहे. तिथे पदवी कोणती यापेक्षा पर्सेंटाइलची चिंता करावी. आणि फी घेऊन वर्गच न भरवणाऱ्या कॉलेजात चार वर्षं घालवणं म्हणजे पैसा पाण्यात, यावर माझं त्या मेसेजशी भांडण नाही.

भांडण आहे ते ‘डिग्री की स्किल’ या ‘की’शी. बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्ट करून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करणारी मुलं माझ्याकडे परीक्षेचे फॉर्म भरायला येतात. आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेलीही येतात. त्यांनी दोन्ही हातांनी धरलंय. मेसेज पाठवणारे काका मात्र बहुधा पेन्शनीत निघालेले पदवीधर असतात, आणि त्यांचा नातू पुण्याला इंजिनीअरिंग करत असतो.

दीक्षाभूमीच्या शहरात हे फिरावं याचं मला खास नवल वाटतं. कोलंबियाची एम.ए., पीएच.डी., लंडनची डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी. या पदव्या इथल्या कितीतरी घरांत तसबिरीखाली लिहिलेल्या असतात, आणि त्या घरांतली पहिल्यांदाच कॉलेजला निघालेली मुलगी हा मेसेज वाचत असते.

तिला किंवा तिच्या आईला माझ्याकडून व्यवहाराचं एक सांगणं. प्रवेश घेण्याआधी, पुढे जे काम करावंसं वाटतं त्याची गेल्या वर्षीची एखादी खरी जाहिरात शोधा आणि ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना वाचा. तिथे विषयाचं नाव असेल तर तोच विषय घ्या, नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडतानाही तेच बघा. ‘कोणतीही पदवी’ असं असेल तर जवळचं, कमी फीचं, वर्ग नीट भरणारं कॉलेज पुरे. जाहिरात सापडली नाही तर दुकानात या. वाचून दाखवायचे मी पैसे घेत नाही, फक्त फॉर्मचे घेतो.