‘जुनी ब्रिटिश कन्व्हर्टिबल रोज चालवायची नसते’: एक प्रतिवाद

जुन्या मोटारींची आवड असलेल्या लोकांमध्ये एक सल्ला वारंवार फिरत असतो. जुनी आलिशान ब्रिटिश कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता येणारी गाडी, ही रविवारची गाडी आहे, असे तो सांगतो. ती रोज वापरली तर इंजिन जाईल, वीजयंत्रणा दगा देईल, छत गळेल, पत्रा गंजेल, सुटे भाग मिळणार नाहीत आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाईल. म्हणून तिला झाकून ठेवावे आणि अधूनमधून सुरू करून थोडी पुढे-मागे करावी. यातली प्रत्येक भीती कुठल्या ना कुठल्या खऱ्या बिघाडातून आलेली आहे, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप तिच्यातून काढलेल्या निष्कर्षाला आहे, कारण या गाड्या चालून जितक्या झिजतात त्याहून जास्त उभ्या राहून बिघडतात.

उदाहरण म्हणून मी जग्वार एक्सके ८ घेतो. १९९६ ते २००५ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीतल्या ब्राउन्स लेन कारखान्यात तयार झालेली ही गाडी आजही रोजच्या वापराला घेता येण्याजोगी आहे, आणि वरची जवळजवळ प्रत्येक तक्रार तिच्याबद्दल केली जाते.

सुरुवात सल्ल्यातल्या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तेच करते. थंड इंजिन सुरू होताना त्याला नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल दिले जाते. गाडी चार-दोन मीटर हलवून लगेच बंद केली, तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवर राहते आणि तिथला ऑईलचा पातळ थर धुऊन काढते. तो थर गेला की पिस्टनच्या रिंगा नीट सील करत नाहीत, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडते आणि पुढच्या वेळी स्टार्टर नुसता फिरत राहतो. एक्सके ८ च्या सुरुवातीच्या चार लिटर व्ही-८ इंजिनाची ही ओळखीची खोड आहे. शिवाय ज्वलनात तयार होणारी वाफ इंजिन पुरते तापेपर्यंत ऑईलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते. वीस-पंचवीस मिनिटांच्या सलग फेरीत ती निघून जाते, दोन मिनिटांच्या कसरतीत कधीच जात नाही. ज्याला गाडी जपायची आहे त्याने ती एकतर पूर्ण गरम होईपर्यंत चालवावी किंवा अजिबात सुरू करू नये.

याच इंजिनाबद्दल ‘निकासिल’ हा शब्द भीती दाखवण्यासाठी वापरला जातो. २००० सालच्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत सिलिंडरच्या आतल्या बाजूला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप होता, त्यालाच निकासिल म्हणतात, आणि पेट्रोलमधल्या गंधकामुळे तो खराब होत असे. पुढे कंपनीने सिलिंडरमध्ये लोखंडी लायनर (आतले अस्तर) घातले. मात्र युरोपात पेट्रोलमधल्या गंधकाची कमाल मर्यादा २००० साली दशलक्षात १५० भाग होती, ती २००५ साली ५० झाली आणि २००९ पासून १० वर आली. ज्या इंजिनांचे लेप जायचे होते ते बहुतांशी पूर्वीच गेले. जी टिकली त्यांना आजच्या पेट्रोलपासून तो धोका उरलेला नाही. खरा धोका टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या साखळीच्या) टेन्शनरचा, म्हणजे तिला ताणून धरणाऱ्या भागाचा आहे. सुरुवातीच्या टेन्शनरचे अंग प्लॅस्टिकचे होते आणि ते तडकते; ते तुटून चेन सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपते. इथे मात्र रोज आणि रविवार असा भेद नाही. प्लॅस्टिक वयाने ठिसूळ होते, तेव्हा झाकण उघडून टेन्शनर पाहणे आणि जुने निघाले तर धातूच्या अंगाचे नवे बसवणे, हे काम गाडी घेतल्याबरोबर करायचे आहे. वॉटर पंपाच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पंख्याचीही हीच गोष्ट आहे.

वीजयंत्रणेविषयीचा मुद्दा मला सर्वांत कमी विचार केलेला वाटतो. ब्रिटिश गाड्यांना विजेचे भाग पुरवणाऱ्या ल्युकास कंपनीच्या दिव्यांविषयीच्या जुन्या तक्रारी साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांच्या आहेत आणि त्या सरसकट पुढच्या पिढ्यांना चिकटवल्या जातात. एक्सके ८ च्या इंजिनाचे नियंत्रण डेन्सो या जपानी कंपनीच्या संगणकाकडे आहे आणि तिचा गिअरबॉक्स जर्मन आहे. या गाडीत गिअरबॉक्स, एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन (चाकांची पकड सांभाळणारी यंत्रणा) यांचे इशारे जेव्हा एकदम उजळतात, तेव्हा आधी बॅटरी तपासावी लागते, कारण व्होल्टेज पडले की अनेक मॉड्यूल (एकेका यंत्रणेचे छोटे संगणक) एकाच वेळी चुकीची माहिती देऊ लागतात. बॅटरी उतरते ती कशाने? गाडी उभी असतानाही तिचे संगणक थोडा-थोडा करंट खात राहतात, म्हणून आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेली गाडी चालू केल्यावर जे दिवे दिसतात ते पुष्कळदा गाडीच्या दोषाचे नसून न वापरण्याचे असतात. एबीएस मॉड्यूलमधले सोल्डरचे सांधे सुटणे हा दोष खरा आहे, पण तो सांधा पुन्हा जोडता येतो. त्यासाठी सबंध मॉड्यूल बदलण्याची गरज बहुधा पडत नाही.

छताकडे वळू. ते हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे आहे. पंप डिकीत असतो आणि तिथून निघालेल्या बारीक नळ्या पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीतल्या कुलपापर्यंत जातात. उन्हाने आणि वयाने त्यांचे प्लॅस्टिक कडक होते, आणि एके दिवशी छत उघडताना नळी फुटून हिरवे तेल समोर बसलेल्यांच्या अंगावर पडते. ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की मालकांनी तिच्यावर स्वतःच उपाय शोधले: पंपाचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह किंवा त्याचे व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर बसवायचा, आणि जुन्या नळ्या फुटण्याआधीच बदलायच्या. छत रोज उघडल्याने नळ्या लवकर जातात, हा दावा अर्धाच खरा आहे; न वापरता पडून राहिलेल्या नळ्याही तितक्याच ठिसूळ होतात, फक्त ते कळते उशिरा. कापडाची काळजी मात्र रोजच्या मालकाने मनापासून घ्यावी. ओले छत घडी करून ठेवू नये, बुरशी धरते. पाणी वाहून जाण्याच्या वाटा पानांनी तुंबू देऊ नयेत. डिकीतला गालिचा उचलून अधूनमधून ओल पाहावी, कारण या गाडीची बॅटरी तिथेच आहे.

गंजाच्या मुद्द्यावर सल्ला देणाऱ्यांची बाजू बळकट आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पुढच्या चाकांमागच्या तळाशी, दारांखालच्या पट्ट्यांत आणि मागच्या चाकांच्या कमानींत चिखलाबरोबर अडकते आणि आतून पत्रा खाते. एक्सके ८ चा पुढचा तळ तिथल्या वार्षिक एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, याच्या) तपासणीत नापास होण्याचे हे नेहमीचे कारण आहे. पण झाकलेली गाडीही ओलसर, वारा नसलेल्या जागेत गंजतेच, शिवाय ते वर्षानुवर्षे दिसत नाही. खाली मेण फवारून घेणे आणि मिठाच्या दिवसांत तळ वरचेवर पाण्याने धुणे, हे करायची तयारी असेल तर रोज चालवावे. ती सोय नसेल, तर मीठ पडते ते महिने गाडी रस्त्यावर आणू नये, असेच मीही सांगेन.

सुट्या भागांची चिंता अर्ध्याहून अधिक निराधार आहे. एक्सके ८ आणि तिची सुपरचार्ज्ड बहीण एक्सकेआर मिळून नव्वद हजारांवर गाड्या झाल्या, आणि यांत्रिक भाग त्या काळच्या जग्वारच्याच एक्सजे सलूनशी मोठ्या प्रमाणावर सामाईक आहेत. अडचण येते ती छताच्या रबरी पट्ट्या आणि आतल्या लाकडी-चामडी भागांची. ते चांगल्या अवस्थेत असलेलीच गाडी घ्यावी. खर्चाची तुलनाही चुकीच्या आकड्याशी होते. दुरुस्तीचे बिल गाडीच्या बाजारभावाशी ताडण्याऐवजी, त्याच वर्षात एखादी नवी आलिशान गाडी किती किंमत गमावते त्याच्याशी ताडावे, कारण या गाडीची बहुतेक घसरण पूर्वीच्या मालकांनी सोसून झाली आहे. काही खर्च तर चुकीच्या आश्वासनांमुळे वाढले. गिअरबॉक्सचे ऑईल जन्मभर बदलावे लागत नाही असे गाडीबरोबर सांगितले गेले, आणि तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. ज्यांनी पहिले ऐकले त्यांचे गिअरबॉक्स गेले, आणि दोष ‘जुन्या ब्रिटिश गाड्यां’वर आला. एक अट मात्र टाळता येणार नाही: गाडी गॅरेजमध्ये अडकेल त्या आठवड्यासाठी दुसरे वाहन हाताशी हवे.

हे सगळे प्रत्येक ब्रिटिश कन्व्हर्टिबलला लागू पडत नाही. १९७१ साली आलेली रोल्स-रॉइस कॉर्निश आणि तिचे ६७५० सीसीचे इंजिन रोजच्या रहदारीत घालायला मी सुचवणार नाही. तिचे ब्रेक इंजिनावर चालणाऱ्या पंपांच्या उच्च दाबावर काम करतात, आणि त्यांचे काम जाणणारा मेकॅनिक जवळ नसेल तर ती चालवणे धोक्याचे आहे. त्यातही जुन्या गाड्यांना ग्लायकॉलचे ब्रेक फ्लुइड लागते आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच्या गाड्यांना खनिज तेल. एकाच्या टाकीत दुसरे पडले तर सील खराब होतात आणि सबंध यंत्रणा उतरवावी लागते. पण कॉर्निशलाही झाकून विसरून जाणे परवडत नाही. ग्लायकॉलचे फ्लुइड हवेतला ओलावा शोषत राहते, गाडी एक मैलही न चालली तरी, आणि सप्टेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साधे पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे झाल्याने टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोललाही तीच खोड लागली आहे. अशा गाडीच्या मालकाने कमी इथेनॉलचे सुपर पेट्रोल भरावे, फ्लुइड मैल न मोजता दिनदर्शिका पाहून बदलावे आणि निदान पंधरवड्यातून एकदा तिला इंजिन पुरते तापेल इतक्या लांबच्या फेरीला न्यावे.