यीस्ट टाकल्याने चोथ्यातली प्रथिनं दुप्पट होत नाहीत

दूध उत्पादकांमध्ये एक कृती जोरात फिरते आहे. इथेनॉल कारखान्यातला मक्याचा ओला चोथा आणायचा, ड्रममध्ये बेकरीचं यीस्ट आणि गुळाचं पाणी घालून तीन दिवस झाकून ठेवायचा. प्रथिनं म्हणे दुप्पट होतात, बुरशीचं विष मरतं, पेंड बंद करता येते. मळीच्या डिस्टिलरीतलं पाणी घातलं तरी चालतं, असंही सांगतात. चोथा हे चांगलं खाद्य आहे, म्हणूनच ही चुकीची कृती थांबायला हवी.

आधी प्रथिनं. १०० किलो ओल्या चोथ्यात कोरडा भाग साधारण ३३ किलो, त्याच्या ३० टक्के म्हणजे १० किलो प्रथिनं. आंबताना काही भाग वायू होऊन उडतो. समजा ३ किलो घटले, तर उरलेल्या ३० किलोंत प्रथिनं तीच १०. टक्केवारी ३३ झाली, प्रथिनं तोळाभरही वाढली नाहीत. नवीन प्रथिनांना नत्र लागतं आणि गुळात ते नावापुरतंच असतं. मक्यातलं पिष्ट कारखान्यातच संपलेलं, तंतू यीस्टला पचत नाहीत. त्यामुळे ते तुमचा गूळ खातं आणि त्यातल्या साखरेचा जवळपास निम्मा भाग वायू होऊन जातो. घट्ट बंद ड्रम फुगतो तो याच वायूने.

किण्वनाचा खरा उपयोग कोंबड्यांसाठी. योग्य बुरशी किंवा बॅसिलस जिवाणू वापरून फायटेटमध्ये, म्हणजे कोंबडीला न पचणाऱ्या संयुगात अडकलेला स्फुरद मोकळा होतो. गाईच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव हे काम करतातच.

विषाचा दावा सर्वांत घातक. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उकळूनही टिकतं. पिष्ट निघून गेल्याने मक्यातलं विष चोथ्यात सुमारे तिप्पट दाट होतं आणि गाईने खाल्लं की अफ्लाटॉक्सिन एम-१ या रूपात दुधात उतरतं. यीस्ट ते नष्ट करत नाही. प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल मागा.

‘झाकलं की टिकतं’ हेही अपुरं. चोथ्याचा सामू (पीएच) मुळातच ४ च्या आसपास असतो, तरी उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वर पांढरी-निळी बुरशी धरते. बुरशीला आंबटपणा चालतो, तिला हवा हवी असते. म्हणून आतली हवा काढून टाकली पाहिजे. त्याच दिवशीचा चोथा पसरून ४० अंशांखाली थंड करा. १०० किलोंत १५ किलो कोरडी कडबा कुट्टी मिसळा, म्हणजे ओलावा ६० टक्क्यांवर येतो. मुरघासाचं, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या चाऱ्याचं, लॅक्टिक जिवाणूंचं कल्चर पाकिटावरच्या मात्रेत, क्लोरीन नसलेल्या पाण्यातून शिंपडा. क्लोरीनमुळे जिवाणू मरतात. मुरघासाच्या पिशवीत थर देऊन तुडवा, हवा काढून बांधा, तीन आठवडे उघडू नका. उघडल्यावर रोज पुढचा थर सरळ काढा. बुरशी दिसली तर आजूबाजूच्या भागासकट फेका. वरचं खरवडून खालचं देऊ नका.

मळीच्या डिस्टिलरीतला स्पेंट वॉश, म्हणजे तिथलं उरलेलं पाणी, वेगळाच. त्यात धान्य नाही. पोटॅश आणि सल्फेट भरपूर, म्हणून त्यापासून पोटॅश खत करतात. जनावराला पाजला तर हगवण लागते.

आणि पेंड? सुरुवात रोज एक किलो मिश्रणाने करा, दहा-बारा दिवसांत वाढवा. चोथ्याचा कोरडा भाग एकूण कोरड्या आहाराच्या २० टक्क्यांवर नेऊ नका. चोथ्यात गंधकही बरंच असतं. त्याचा अतिरेक झाला की मेंदूला इजा होऊन गाय आंधळी होऊन अडखळते. स्फुरद जास्त, कॅल्शियम कमी, म्हणून खाद्यात चुनखडी पूड हवीच. या मर्यादेत पेंड कमी करता येते. किती, ते दूध आणि फॅट रोज लिहून ठरवा.