आयव्हीएफचा वरखर्च

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, सप्टेंबर २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ (स्त्रीबीज आणि शुक्राणूंचं मीलन लॅबमध्ये घडवून मूल होण्यासाठीचा उपचार) सुरू झालं. सरकारी इस्पितळात ही सेवा फुकट देणारं गोवा हे देशातलं पहिलं राज्य, अशा बातम्या तेव्हा आल्या. इथे इंग्लंडमध्ये बसून वाचताना मला फार अभिमान वाटला होता. पण तेव्हापासून घरी फोन केला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "तिथे साधं करतात गो, खासगीत सगळं करतात." मूल व्हावं म्हणून आधीच कर्ज काढलेली, दागिने मोडलेली माणसं या 'सगळ्या'पायी आणखी खोलात जाताना मी पाहते आहे. त्यात नेमकं काय येतं, ते कुणीतरी मराठीतून सांगायला हवं.

माझ्या मावसबहिणीने फोंड्याहून तिच्या खासगी क्लिनिकचा खर्चाचा कागद मला व्हॉट्सॲपवर पाठवला. वरच्या भागात इंजेक्शनं, एग पिकअप (स्त्रीबीजं काढणं), भूल, लॅब, ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं). मग एक रेघ, आणि रेघेखाली लेझर हॅचिंग (भ्रूणाचं कवच लेझरने पातळ करणं), एम्ब्रियो ग्लू, टाइम-लॅप्स, पीजीटी-ए (भ्रूणाच्या गुणसूत्रांची तपासणी), ईआरए (ट्रान्सफरची वेळ ठरवायला गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी), इंट्रालिपिड. प्रत्येकापुढे रक्कम आणि खूण करायला चौकोन. हे कशासाठी, कोणाला लागतं, याचा एक शब्दही कागदावर नव्हता. पीजीटी-एची रक्कम तर एका भ्रूणाची होती. भ्रूण चार झाले तर चौपट. खाली तिचा मेसेज: "ताई, सासूबाई म्हणतात सगळं करून घ्या, मागाहून चुटपुट नको. तू तिथे केलंस ना? काय काय घेऊ सांग."

मी स्विंडनला राहते. इथे गोंयकारांची वस्ती मोठी आहे, आणि मुलासाठी उपचार घेणारी जोडपी आमच्यातही आहेत, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही. माझे उपचार इथेच झाले. पहिल्याच भेटीत मी ॲड-ऑनबद्दल, म्हणजे अशा रेघेखालच्या जादा गोष्टींबद्दल, विचारलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला आणि एचएफईएची यादी उघडली. ब्रिटनमधल्या आयव्हीएफ क्लिनिकांवर १९९१ पासून देखरेख करणारी ही सरकारी संस्था. एकेका ॲड-ऑनला ती रंग देते. हिरवा म्हणजे चांगल्या चाचण्यांत उपयोग दिसलेला, पिवळा म्हणजे पुरावा उलटसुलट, राखाडी म्हणजे पुरावाच अपुरा, काळा म्हणजे परिणाम शून्य, लाल म्हणजे धोका असण्याची किंवा उलट यशच कमी होण्याची शक्यता. बाळ होण्याची शक्यता बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत वाढते, या कसोटीवर मी पाहिलेल्या यादीत हिरवा रंग एकालाही नव्हता. बाई शांतपणे म्हणाल्या, "यातलं तुम्हाला काही हवं असलं तर आधी मला कारण सांगा. मला सुचवावंसं वाटलं तर मी तुम्हाला कारण सांगेन."

हे रंग कुणाच्या मतावर ठरत नाहीत. काही वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या अस्तरावर ओरखडा काढण्याची मोठी टूम होती. अस्तराला बारीक जखम केली की ती भरून येताना गर्भ नीट रुजतो, अशी कल्पना. ऐकायला पटण्यासारखी, आणि सुरुवातीच्या लहान अभ्यासांत फायदाही दिसत होता. मग १,३६४ स्त्रियांची मोठी चाचणी झाली, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडून. २०१९ मध्ये निकाल आला: ओरखडा काढलेल्यांत २६.१ टक्के स्त्रियांना बाळ झालं, न काढलेल्यांत २६.१ टक्के. दशांशाचाही फरक नाही. ती दुखरी प्रक्रिया सोसून पैसे मोजलेल्या बायकांचा विचार आला की मला आजही कळवळायला होतं. टाइम-लॅप्स म्हणजे इन्क्युबेटरमधल्या भ्रूणांचे सतत फोटो काढून त्यांवरून निवड करणं. त्याचीही मोठी चाचणी २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली: फोटोंवरून निवड केलेल्या गटात ३३.७ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ३३ टक्के.

पीजीटी-ए सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत पटणारं. भ्रूणाच्या काही पेशी काढून गुणसूत्रं मोजायची आणि सदोष भ्रूण बाजूला काढायचे. यात कोणाला काय वावगं दिसणार? पण पेशी काढल्या जातात त्या पुढे वार होणाऱ्या थरातून, आणि एकाच भ्रूणात काही पेशी चांगल्या, काही बिघडलेल्या असूही शकतात. म्हणजे बाळ होऊ शकलं असतं असा भ्रूणही बाद होण्याची भीती राहते. चीनमध्ये १,२१२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (वय २० ते ३७, प्रत्येकीचे किमान तीन चांगले भ्रूण) पीजीटी-ए केलेल्यांत ७७.२ टक्क्यांना बाळ झालं, न केलेल्यांत ८१.८ टक्क्यांना. गर्भपात मात्र चाचणी केलेल्या गटात थोडे कमी झाले, हेही खरं. वय जास्त असेल, पुन्हा पुन्हा गर्भपात झाले असतील, तर या चाचणीचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. पण तिशीतल्या मुलीला "जास्त खात्री हवी तर करून घ्या" असं सांगणं मला बरोबर वाटत नाही. तशी खात्री या चाचणीतून मिळत नाही.

एम्ब्रियो ग्लूची गोष्ट थोडी निराळी. ट्रान्सफरच्या द्रवात हायलुरोनन हा पदार्थ घालतात. त्याचा काही उपयोग होत असावा असं दाखवणारा पुरावा आहे, आणि एचएफईए त्याला पिवळा रंग देते. इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेलाचं सलाइन, मुळात तोंडाने खाता न येणाऱ्या रुग्णांच्या पोषणासाठीचं. गर्भ रुजण्यासाठी ते द्यायला भक्कम आधार मिळालेला नाही. आणि एक गल्लत तर नेहमीची. पुरुषाच्या शुक्राणूंत दोष असेल तर इक्सी (एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडणं) ही गरज आहे. नवराबायको दोघंही थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असतील तर त्या आजारासाठी केलेली भ्रूणचाचणी ही गरज आहे. यांना वरखर्च म्हणून कोणी टाळू नये. नावं सारखी वाटली तरी कारण वेगळं असतं, म्हणून तर प्रत्येक ओळीपुढे कारण मागायचं.

इंग्लंड म्हणजे रामराज्य, असं मी मुळीच म्हणणार नाही. चाळिशीच्या आतल्या स्त्रियांना आयव्हीएफच्या तीन पूर्ण सायकल, म्हणजे उपचाराच्या तीन फेऱ्या, मिळाव्यात असं इथली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. प्रत्यक्षात तुम्ही कोणत्या भागात राहता त्यावर ते ठरतं. २०२३ मध्ये इथल्या आयव्हीएफ सायकलींपैकी जेमतेम २७ टक्के एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, पैशांतून झाल्या. बाकीचे खासगीत जातात, आणि खासगी क्लिनिकं इथेही ॲड-ऑन विकतातच. एचएफईएला दर ठरवण्याचा अधिकार नाही. याबाबतीत बांबोळी स्विंडनच्या पुढे आहे. माझ्या शेजारणीला इथे ज्यासाठी बँकेचं कर्ज घ्यावं लागलं, ते सत्तरी-पेडण्याच्या मुलीला बांबोळीत फुकट मिळतं. त्याला 'साधं' म्हणून नाक मुरडलेलं ऐकलं की मला वाईट वाटतं. इंजेक्शनं, एग पिकअप, लॅब, ट्रान्सफर याच आयव्हीएफच्या मुख्य पायऱ्या. त्या नीट होत असतील तर उपचार पुरा आहे.

सासूबाईंच्या चुटपुटीचं काय? ती मला कळते. घरात नवस बोलून झालेले असतात, कुलदेवाला प्रसाद लावून झालेला असतो. डॉक्टरांकडेच तेवढी कसूर का ठेवायची, असं माणसाला वाटणारच. पण चुटपुट दोन्हीकडून लागते. सगळ्या चौकोनांत खुणा केल्या, बीटा (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आली आणि पुढच्या ट्रान्सफरला पैसे उरले नाहीत, तर काय? ट्रान्सफरची संधी पुन्हा मिळणं, गोठवलेले भ्रूण हाताशी असणं, याने बाळाची शक्यता खरोखर वाढते. म्हणून मी बहिणीला म्हटलं, पैसे तिथे राखून ठेव. माझं मूल ॲड-ऑनशिवाय झालं हेही मी तिला सांगितलं, आणि त्यावरून काहीच ठरवू नकोस असंही सांगितलं. शेजारच्या कुणाला ग्लूने झालं, कुणाला इंट्रालिपिडने, त्याला जेवढी किंमत तेवढीच माझ्या गोष्टीला.

काही डॉक्टर म्हणतात, चाचण्या सरासरी सांगतात, माझी पेशंट सरासरी नाही. मान्य. मग तिच्या कोणत्या रिपोर्टमुळे ती वेगळी ठरते, तेवढं दाखवा. हा प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास असं आपल्याकडे समजतात. बहिणीला तर भीती की डॉक्टर रागावतील. पण भारताच्या २०२१ च्या एआरटी (साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यातच लिहिलं आहे की क्लिनिकने जोडप्याला यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च आणि धोके समजावून सांगायचे. विचारायची परवानगी कायद्याने दिलेलीच आहे. तिने शेवटी विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत. तीन ओळी त्यांनी स्वतःच खोडल्या, ग्लू ठेवला, आणि बाकीचं आता नको म्हणाले.

पण प्रत्येकीला बाहेरगावची ताई नसते, आणि भूल देण्याआधी सह्या घेत असताना कोणाच्या तोंडून प्रश्न निघत नाही. हे काम गोमेकॉने हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तिथे विकायचं काहीच नाही, म्हणून त्यांचा शब्द लोक मानतील. ओपीडीत देण्यासाठी मराठी-कोंकणीतून एक पान काढावं: ॲड-ऑनचं नाव, त्यात काय करतात, मोठ्या चाचणीत किती जणींना बाळ झालं आणि न करता किती जणींना, कोणत्या कारणाने ते खरंच लागतं. आणि ते इंजेक्शनं सुरू होण्याच्या आधी हातात द्यावं, म्हणजे घरी नेऊन सासूबाईंसकट सगळ्यांना वाचता येईल.